कूलरातली बाळंतीण

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी कूलर काढायचा, हा आमच्या घरचा जुना नेम. रंगाच्या बादल्या धुऊन झाल्या की हे पाना-पक्कड घेऊन सांदवाडीत जातात, कूलरवर हिवाळाभर टाकलेली चादर ओढतात, तिन्ही ताट्या उतरवतात, मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत फेकून नवं भरतात आणि टाकीला आतून रंगाचा एक हात मारतात. यंदा ह्यांनी चादरीला हात घातला आणि मागच्या दाराशी वाती वळत बसलेल्या आई ओरडल्या, "अरे, हात नको लावू! बाळंतीण हाये तिथं."

मी पोळपाट तसाच ठेवून बाहेर आले. कूलरच्या वरच्या कोपऱ्यात पत्रा गंजून मुठीएवढं भोक पडलंय. चादर नेमकी तिथेच फाटलेली. त्या भोकातून एक चिमणी डोकं काढून आमच्याकडे बघत होती. उडाली नाही. ह्यांनी चादर हळूच सोडली.

"आठ दिवस थांबू," हे म्हणाले.

आठ दिवसांत भागणार नव्हतं. चिमणीची अंडी उबायला बारा-तेरा दिवस लागतात, पिल्लं घरट्याबाहेर पडायला पुढे आणखी पंधरा. म्हणजे जवळजवळ महिना. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत नागपुरात कूलरशिवाय राहायचं, तेही आईंच्या ८४ व्या वर्षी. आमच्या दोघांच्या मनात तेच चाललेलं, पण बोलायच्या आत आईंनीच निकाल दिला.

"बाळंतिणीले कोणी घराबाहेर काढते का? मी झोपीन समोरच्या खोलीत."

आमचं घर त्रिमूर्तीनगरात. सासऱ्यांनी बांधलेलं, एकमजली. दोन्ही बाजूंना आता पाच-पाच मजली स्कीम, म्हणजे फ्लॅटच्या इमारती, उभ्या आहेत, मधे आम्ही. मागे सांदवाडी. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी: विदर्भात घराच्या मागच्या मोकळ्या जागेला सांदवाडी म्हणतात. आमच्या सांदवाडीत शेवगा आहे, कढीपत्ता, एक म्हातारा आंबा, एक पेरू, मेंदीचं कुंपण, धुण्याचा दगड आणि कधीकाळी उरलेल्या विटांचा ढीग. भिंतीपलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर कडुनिंब आणि उंबर. तो प्लॉट कधी विकला जाईल या विचारानं मला अधूनमधून झोप लागत नाही.

दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर लिहिते, त्याच चौकोनात मी पाखरंही लिहिते. शाळेतून निवृत्त झाल्यापासूनची सवय. 'दीड लिटर. शेवग्यावर शिंजीर, नर.' 'दूध नाही. तांबट पहाटेपासून.' वर्ष संपलं की जुनी कॅलेंडरं ट्रंकेत. ती काढून शेजारी-शेजारी लावली की दिसतं: शेवगा फुलला की चार-पाच दिवसांत शिंजीर हजर, पलीकडच्या कडुनिंबाला तांबूस पालवी फुटली की कोकिळचा पहिला, अजून न जमलेला आवाज, आणि होळीच्या आसपास चिमण्यांची काड्यांसाठी पळापळ.

पाण्याची गोष्ट मात्र त्याच्याही आधीची. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदवलं गेलं. त्या दुपारी तुळशीवृंदावनाच्या बोटभर सावलीत एक बुलबुल चोच उघडी टाकून बसला होता. पाखरांना घाम येत नाही, चोच उघडून भराभर श्वास घेत ती अंगातली उष्णता बाहेर टाकतात, आणि त्यात त्यांचं पाणी खर्ची पडतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त त्याचा गळा धडधडताना दिसत होता. मी घाईघाईनं स्टीलच्या ताटलीत पाणी नेऊन ठेवलं. तो आला, पाण्यात चोच घातली आणि उडाला. मी बोट बुडवून पाहिलं. उन्हात दहा मिनिटांत ताटली हात लावू देत नव्हती. संध्याकाळी तो मेंदीखाली मेलेला सापडला.

त्याच आठवड्यात गोकुळपेठच्या बाजाराकडे माठ विकायला बसतात त्या मावशींकडून दोन परळ आणल्या. मातीची पसरट परळ, कडा दोन बोटं उंच. तेव्हापासून घरात स्टीलचं, प्लॅस्टिकचं काही पाखरांसाठी बाहेर ठेवलं जात नाही. एक परळ विटांच्या ढिगावर आंब्याच्या सावलीत, दुसरी जमिनीवर पेरूखाली. आत एक चपटा दगड, म्हणजे चिमणीला उभं राहून पिता येतं आणि मधमाशी बुडत नाही. पाणी रोज सकाळी ओतून द्यायचं, नारळाच्या काथ्यानं परळ घासायची, साबण नाही, आणि ताजं भरायचं. पाणी तसंच राहिलं तर आठवड्याभरात त्यात डासांच्या अळ्या मोठ्या होतात. पाखरांच्या नावानं मोहल्ल्यात डेंग्यू वाटायचा नाही, एवढं पथ्य पाळलंच पाहिजे.

मेंदीपासून परळ सहा-सात फूट लांब ठेवली आहे, आणि हे मुद्दाम. आधी झुडपाला लागून ठेवली होती, तर शेजारचं मांजर झुडपातून झेप घ्यायचं. फार लांब उघड्यावर ठेवावी तर पाखरं येत नाहीत, कारण शिक्रा आला तर लपायला जागा हवी. दोन्ही भीतींच्या मधली जागा शोधायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

पाण्यावरची गर्दी बघायची असेल तर सकाळी सहाला यावं. आधी दयाळ येतो, एकटा. शेपूट उभारून परळीच्या कडेवर बसतो, इकडेतिकडे बघून आत उतरतो आणि अंगभर पाणी उडवतो. मग बुलबुलांची जोडी. मग होले, जे मान खाली घालून चोच न उचलता एका दमात पाणी ओढतात. बाकीची पाखरं घोट घेऊन मान वर करतात. हा फरक एकदा दिसला की दर वेळी दिसतो. अकराच्या सुमाराला सातभाई कलकलाट करत उतरतात आणि सगळे एकाच परळीत घुसतात. ते गेले की परळ रिकामी, मी पुन्हा भरते. दुपारी कावळा. त्याला कुठून तरी वाळकी पोळी मिळालेली असते, ती परळीत बुडवतो, पायाखाली धरून मऊ होईपर्यंत थांबतो, मग खातो. आई त्याच्याकडे बघून दर वेळी म्हणतात, "पाय, दात नसल्यावानी भिजवून खाते." आईही आता पोळी वरणात भिजवूनच खातात. त्यांना तो कावळा फार आवडतो.

आता दाण्याबद्दल. निवृत्तीनंतर उत्साहानं मी पाच किलो बाजरी आणली आणि परातभर पसरून ठेवली. पहिले दोन दिवस चिमण्या आल्या. तिसऱ्या दिवशी स्कीमच्या गच्चीवरून कबुतरं उतरली. आठवड्यात चाळीस कबुतरं. चिमण्या मेंदीत बसून वाट बघायच्या आणि परात रिकामी झाल्यावर उतरायच्या. धुतलेले कपडे घाण, शेजारच्या काकूंना दमा, त्यांची तक्रार रास्त होती. मी परात बंद केली. आता सकाळी मूठभर बाजरी आणि तांदळाची कणी मेंदीच्या बुडाशी, फांद्यांच्या आत भुरभुरते. कबूतर तिथे शिरत नाही, चिमणी आणि छोटा होला शिरतात. अर्ध्या तासात दाणा संपला पाहिजे. उरला तर उद्या कमी. रात्री उंदीर, घुशी येऊ नयेत म्हणून.

आणि कृपा करून शेव, चिवडा, फरसाण, ब्रेड टाकू नका. तेल आणि मीठ त्या एवढ्याशा जिवाला सोसत नाही, आणि ब्रेडनं पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही. मी स्वतः सुरुवातीला उरलेला चिवडा टाकलेला आहे. पाखरं खातात, आवडीनं खातात, म्हणून आपल्याला ते बरोबर वाटतं.

दाण्यावर येणारी पाखरं मोजकीच. शिंजीर दाण्याकडे बघतही नाही. त्याला शेवग्याची फुलं हवीत, जास्वंद हवी, हमेलियाच्या नारिंगी नळ्या हव्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर काळा-जांभळा, उन्हात निळा चमकतो. विणीचा हंगाम सरला की हाच नर मादीसारखा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळी रेघ उरते. मी कित्येक वर्षं ती वेगळीच जात समजून कॅलेंडरवर 'रेघवाला' लिहीत होते. यंदा मादीनं जास्वंदीच्या वाळक्या फांदीला लोंबती पिशवी बांधली: कोळ्याचं जाळं, सुकी पानं, सालीचे तुकडे. बांधकाम तिचं एकटीचं. नर तेवढे दिवस ह्यांच्या स्कूटरच्या आरशातल्या दुसऱ्या नराशी भांडत होता. सकाळपासून आरशावर चोच आपटून थकायचा. ह्यांनी दोन्ही आरशांवर जुने मोजे चढवले, तेव्हा कुठे तो शेवग्यावर परतला. साखरेचं पाणी बाटलीत घालून टांगायचा सल्ला मला बऱ्याच जणींनी दिला. आपल्याकडच्या उन्हात ते दुपारपर्यंत आंबतं. त्यापेक्षा एक जास्वंद लावा.

तांबट उंबराचा. त्याचं टुक्-टुक्-टुक् पहाटे सुरू होतं आणि भर दुपारी सगळं गप्प झालं तरी चालूच राहतं. भांड्याला ठोके पडावेत तसं, एका लयीत. पोपट पेरूचे. आणि पळसमैना पळसाच्या. त्या आमच्याकडे उतरत नाहीत. मार्चमध्ये एक दिवस हे मला गोरेवाड्याच्या बाजूला घेऊन जातात. पळस पेटलेला असतो आणि त्यात गुलाबी-काळ्या पळसमैनांचे थवे मध पितात, चोची-कपाळं परागांनी माखलेली. इथून त्या मध्य आशियात परततात, पिल्लं तिकडेच काढतात. एवढी लांबची वाट आणि शिदोरी आपल्या पळसाची. त्या दिवसाच्या चौकोनात मी दुधाचा आकडा लिहायला विसरते.

कूलरातल्या बाळंतिणीकडे वळते. २४ मार्चला सकाळी आई म्हणाल्या, "बारीक आवाज येऊन राहिला." त्यांना दाराची घंटा ऐकू येत नाही, पण हा आवाज आला. कान लावला तर खरंच, सुईएवढा चिवचिवाट. त्या दिवसापासून आईंची खुर्ची दारातून हलली नाही.

लोकांना वाटतं चिमणी दाणे खाते, तर पिल्लांनाही दाणेच भरवत असेल. तसं नसतं. पिल्लांना पहिले दिवस मऊ किडे-अळ्या लागतात, त्याशिवाय ती वाढत नाहीत. आमच्या चिमणा-चिमणीनं कढीपत्त्यावरच्या हिरव्या अळ्या नेल्या, मागच्या दिव्याखाली रात्री पडलेले पतंग सकाळी उचलून नेले, कोळी नेले. एके दिवशी सकाळी सात ते आठ मी खेपा मोजल्या. एकोणीस. दोघांच्या मिळून. परतताना चोचीत पांढरी गुंडाळी घेऊन निघायचे आणि भिंतीपलीकडे टाकून यायचे. पिल्लांची शी अशी पुडीसारखी बांधून बाहेर येते, म्हणजे घरटं कोरडं राहतं. मी आईंना सांगितलं तर त्या खूश झाल्या. "दुपटे धुवायची कटकट नाही," म्हणाल्या, आणि मग आपल्या पाचही बाळंतपणांच्या गोष्टी सांगत बसल्या. दोन मुलं मला माहीत होती, ह्यांची बहीण तिसरी. उरलेल्या दोघांबद्दल पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. एक मुलगी चैत्रातच गेली होती, बावीस दिवसांची.

त्याच दिवसांत माळी जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी औषध घेऊन आला. दर वर्षी मारतो. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, झाड जाईल." गेलं तर जाऊ दे. औषध मारलेली अळी चिमणी पिल्लाच्याच चोचीत घालणार ना. पिठ्या मी जुन्या टूथब्रशनं काढला, तीन दिवस, फांदी-फांदी. थोडा राहिला. झाड आहे अजून.

एप्रिल लागला आणि पारा चाळिशीपार गेला. समोरच्या खोलीत दोन पंखे, खिडकीला ओली चादर. रात्री एक-दीडपर्यंत भिंती गरम. आईंच्या मानेवर घामोळं उठलं. मुलीचा पुण्याहून फोन आला, "आजीला त्रास होतोय आणि तुम्ही चिमण्यांचं काय घेऊन बसलात?" तिची काळजी खरी होती. मी त्या रात्री ह्यांना म्हटलं, घरटं अलगद उचलून बाजूला ठेवू का? हे काही बोलले नाहीत. अंधारात आईंचा आवाज आला, "मी झोपली नाही अजून." बस्स, एवढंच.

रामनवमीच्या आदल्या दिवशी भोकातून एक पिल्लू बाहेर लटकलं. उलटं, एका पायावर. फडफडायचं, थांबायचं, फडफडायचं. मला वाटलं उडायला शिकतंय. ह्यांनी चष्मा लावला आणि स्टुलावर चढले. पायाला नायलॉनचा मांजा. संक्रांतीचा. बंदी असूनही विकतात, उडवतात, आणि मग तो झाडांवर वर्षभर पडून राहतो. चिमणीला तो काडी-दोऱ्यासारखाच दिसतो, ती घरट्यात नेते. दर वर्षी संक्रांतीनंतर मी बांबूला आकडी बांधून आंब्यावरचा, शेवग्यावरचा मांजा ओढून काढते. यंदा गुडघा दुखत होता म्हणून वरच्या फांद्या राहिल्या. ह्यांनी नेलकटरनं दोरा कापला, पायाला रुतलेला वेढा सोडवला. मी पिल्लू ओंजळीत धरलं होतं. वजन जवळजवळ नाहीच, नुसती ऊब आणि धडधड. पाय सुजला होता पण हलत होता. सेमिनरी हिल्सला वनविभागाचं उपचार केंद्र आहे, तिकडे न्यावं का असा विचार झाला, पण पिल्लू चोच वासून ओरडत होतं आणि आई-बाप तारेवर कासावीस होऊन नाचत होते. ह्यांनी ते भोकातून आत सरकवलं. माणसाचा हात लागला की पाखरं पिल्लू टाकून देतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरं नाही. दहा मिनिटांत चिमणी अळी घेऊन आत गेली.

८ एप्रिलला सकाळी साडेसहाला पहिलं पिल्लू बाहेर आलं. ओठांच्या कडा अजून पिवळ्या, शेपूट अर्धवट. कूलरच्या काठावरून धुण्याच्या दगडावर पडल्यासारखं उतरलं. मग दुसरं. असं पिल्लू जमिनीवर दिसलं की आपल्याला वाटतं घरट्यातून पडलं, आणि आपण उचलून खोक्यात घालतो. मीही पूर्वी एका बुलबुलाच्या पिल्लाला तसं केलं होतं, ते जगलं नाही. अंगावर पिसं आलेली असतील तर ते पडलेलं नसतं, निघालेलं असतं. आई-बाप जवळच असतात, खाली येऊन भरवतात. आपण फक्त मांजर लांब ठेवायचं. मी काठी घेऊन दुपारपर्यंत सांदवाडीत बसले. तिसरं पिल्लू सगळ्यात शेवटी, डावा पाय जरा आखडून. मेंदीपर्यंत पोचलं.

चौथ्या दिवशी कूलर निघाला. ह्यांनी ताटी उतरवली तेव्हा घरटं आख्खं हातात आलं, दोन ओंजळी भरतील एवढं. बाहेरून ताटीचंच जुनं गवत. आत कोंबडीचं एक पांढरं पीस, कुणाच्या तरी शर्टाचा निळा दोरा, मांज्याचे दोन तुकडे, ते मी लगेच काढून घेतले. आणि मधे, जिथे पिल्लं बसायची तिथे, गादीसारखा कापूस. वातींचा. त्यात गुंतलेले लांब पांढरे केस. आई सकाळी दाराशी बसून केस विंचरतात, गुंतवळ बोटावर गुंडाळून कोनाड्यात ठेवतात. कधी कमी झालेली दिसली तरी वारा घेऊन गेला असं वाटायचं.

आईंनी ते घरटं मांडीवर घेतलं. बराच वेळ बोटानं चाचपत होत्या.

कूलर सुरू झाला, नव्या गवताचा ओला वास घरभर पसरला, आणि त्या रात्री आई दहा तास झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणा चोचीत काडी घेऊन कूलरवर. एका हंगामात त्यांची दोन-तीन विणी होतात, हे मला माहीत होतं, पण आठवडाही थांबणार नाहीत असं वाटलं नव्हतं. भोक ह्यांनी पत्र्यानं बंद केलेलं. तो तिथे चोच मारत राहिला. आईंनी माझ्याकडे बघितलं. हे काही न बोलता करवत घेऊन बसले. दुपारपर्यंत जुन्या देवघराच्या फळ्यांचा एक खोका तयार झाला, सव्वा इंचाचं भोक, आंब्याकडच्या भिंतीला, सकाळनंतर ऊन येत नाही अशा जागी. आईंनी खालच्या फरशीवर कापसाचा एक पुंजका ठेवला, त्यावर खडा.

१४ एप्रिल. दूध दीड लिटर. चिमणा खोक्यावर, दोनदा आत डोकावला. कापूस गेला.